समोर आपलीच माणसं : महाड-पोलादपूर आणि नैतिक धैर्याचा धडा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हांला कळवलं, "नैतिक धैर्य हा इतिहासाचा विषय कसा? हा तर शाळेतल्या निबंधाचा विषय." अगदी बरोबर आहे. तो आमच्याकडे शाळेतूनच आला.

आमच्या पुतणीची मुलगी पोलादपूरला आठवीत आहे. आम्हांला आजोबा म्हणते. सुट्टीत तिला एक प्रकल्प मिळाला : 'राजकीय नेत्यांचे नैतिक धैर्य'. तीन नेते निवडायचे, प्रत्येकाचं चित्र चिकटवायचं आणि खाली दहा-दहा ओळी लिहायच्या. तिनं पहिलं नाव घेतलं तानाजी मालुसऱ्यांचं. त्यात नवल नाही. उमरठ हे तानाजींचं गाव पोलादपूर तालुक्यातच आहे, तिथलं मूल शौर्य म्हटलं की दुसरं नाव घेणारच नाही. दुसरे लालबहादूर शास्त्री, रेल्वे अपघाताची जबाबदारी घेऊन १९५६ साली राजीनामा दिला म्हणून. तिसरा चौकोन रिकामा होता. बाईंनी वही तपासताना तानाजींच्या नावापुढे लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं आणि लिहिलं, 'हे शौर्य झाले. नैतिक धैर्य कोणते?' आणि खाली, 'शक्यतो आपल्या परिसरातील उदाहरण घ्यावे.'

पोरीनं आम्हांला फोन केला. म्हणाली, "आजोबा, आपल्याकडचं कोण घेऊ?" आम्ही म्हटलं, "अगं, महाड अर्ध्या तासावर आहे. चवदार तळं घे." त्यावर ती जरा थांबली. मग हळूच म्हणाली, "घरी म्हणतात, तळ्याचं नको लिहू. ते त्यांचं आहे, आपलं नाही."

मंडळी, हे वाक्य आमच्या घरातलं आहे. कुणी वाईट हेतूनं म्हटलं असंही नाही. भाजी निवडता निवडता बोलावं तसं ते म्हटलं गेलं. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून आम्ही गप्प बसलो. "बघू, विचार करतो," म्हणून फोन ठेवला. आजचं व्याख्यान म्हणजे त्या फोनवर जे बोलायला हवं होतं ते आहे.

बाईंचं प्रश्नचिन्ह

आधी त्या लाल प्रश्नचिन्हाकडे बघू, कारण ते फार नेमकं आहे. तानाजी १६७० साली सिंहगडावर पडले. समोर शत्रू होता, पाठीशी आपली माणसं होती. जिंकलो तर आपलेच लोक डोक्यावर घेणार, मेलो तर आपलेच लोक पोवाडे गाणार. हे शौर्य लहान नाही. ते प्राण मागतं. पण त्यात माणूस एकटा पडत नाही.

नैतिक धैर्याची गोष्ट वेगळी. तिथं समोर शत्रू नसतो, समोर आपलीच माणसं असतात. ज्यांच्या पंगतीला बसायचं, ज्यांच्या मुलींशी आपल्या मुलांची लग्नं जमवायची, ज्यांनी मतं दिली, ज्यांनी आपल्याला पुढारी केलं, त्यांना सांगायचं की तुमचं चुकतंय. किंवा त्याहून अवघड, तुमचं बरोबर आहे पण आज थांबा. प्राण जातीलच असं नाही, पण माणूस एकटा पडतो.

१९५६ साली अमेरिकेत जॉन केनेडी नावाच्या तरुण सिनेटरचं 'प्रोफाइल्स इन करेज' हे पुस्तक आलं. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या पुस्तकात आठ सिनेटरांच्या हकिगती आहेत, आणि त्या निवडताना लावलेली कसोटी हीच : आपला पक्ष, आपले मतदार, आपला प्रांत विरोधात असताना उभा राहिला तो. ती कसोटी आपल्या महाडला लावून बघू. आणि आम्ही सांगतो, एवढ्याशा तालुक्यात इतकी उदाहरणं सापडतात की तीन चौकोन पुरत नाहीत.

एक खुर्ची, एक ठराव

सुरुवात १८९५ पासून करू. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. महार समाजातले, लष्करातून निवृत्त झालेले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. अस्पृश्यतेला आधार कुठला, असे प्रश्न विचारणारी. १८९५ साली सरकारनं त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर सभासद नेमलं. बोर्डातल्या उच्चवर्णीय सभासदांना ते रुचलं नाही. कारण बैठकीला एकत्र बसावं लागणार! बाबांनी तिथं गर्जना केली की नाही, हा मुद्दाच नाही. नुसतं जाऊन खुर्चीवर बसणं हेच त्या खोलीत एक भाषण होतं. आपल्या भागातल्या राजकारणात हा प्रश्न पहिल्यांदा आला तो असा, एका खुर्चीच्या रूपानं.

आता २८ वर्षं पुढे या. ४ ऑगस्ट १९२३. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव मंजूर झाला. सरकारनं तो खालच्या संस्थांकडे धाडला. आता सरकारी कागद खाली आल्यावर त्याचं काय होतं हे तुम्हांला माहीत आहे. बहुतेक ठिकाणी फाईलला लागला.

महाडच्या नगरपालिकेनं मात्र जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून आपल्या ताब्यातलं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून या कामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, लोकांचे सुरबानाना. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातले, गावातले प्रतिष्ठित. त्यांना पाणी कुणी नाकारलं नव्हतं. या ठरावानं त्यांच्या घरात एक घागर जास्त येणार नव्हती. उलट तळ्याभोवती ज्यांची घरं होती, ज्यांच्याशी रोजचा रामराम होता, त्या सगळ्यांच्या कपाळावर आठी येणार होती. मोठ्या शहरात माणूस गर्दीत लपतो. महाडसारख्या गावात सकाळी ठराव केला की संध्याकाळी बाजारात त्याच माणसांच्या समोरून जावं लागतं.

इथं कुणी विचारील, आणि विचारावंच, की ठराव १९२४ चा. मग १९२७ पर्यंत एकाही अस्पृश्यानं तळ्याचं पाणी का घेतलं नाही? कागदावर तळं खुलं, काठावर बंद. असल्या ठरावाला धैर्य म्हणायचं का?

आमचं उत्तर असं : ठराव हे अर्धं काम होतं. पण ते अर्धं नसतं तर उरलेलं अर्धं करायला जागाच मिळाली नसती. पुढे माणसं तळ्यावर गेली ती 'आम्हांला द्या' म्हणत गेली नाहीत. जे आधीच कायद्यानं दिलेलं होतं ते घ्यायला गेली. हा फरक फार मोठा आहे. आणि टिपणीस ठराव करून घरी बसले नाहीत, हे पुढे येतंच.

मार्च १९२७

ज्या मुलाच्या डोक्यातून महाडच्या परिषदेची कल्पना निघाली तोही इथलाच. रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आर. बी. मोरे. जन्म १९०३ चा, दासगाव-लाडवली परिसरातला. लहानपणी शिष्यवृत्ती मिळवली तरी महाडच्या इंग्रजी शाळेनं अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. या पोरानं वर्तमानपत्रात पत्र छापून आणलं आणि मग प्रवेश मिळाला. आमच्या नातीएवढंही वय नसेल तेव्हा त्याचं. पुढे तो कम्युनिस्ट चळवळीत गेला आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. पण १९२७ साली तो बाबासाहेबांना महाडला आणण्याच्या खटपटीत होता. त्याच्या जोडीला अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस.

१९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. आपला रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, हे तरुण मंडळींसाठी सांगतो. काही हजार माणसं आली, घाटावरून, कोकणातून, मुंबईहून. एवढ्या माणसांना प्यायला पाणी लागणार. आणि पाण्यानं भरलेलं तळं समोर असताना पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं. १९२७ चे चाळीस रुपये! परिषदेतले सगळे ठराव एका बाजूला ठेवा. हा एक खर्च बघितला तरी परिषद का भरली ते कळतं.

दुसऱ्या दिवशी चित्र्यांनी आभाराच्या वेळी सुचवलं की, परिषदेनं नुसतं बोलून उठू नये, तळ्यावर जाऊन पाणी प्यावं. आणि सगळे निघाले. रांगेनं, शिस्तीत, भर गावातून. बाबासाहेब काठावर गेले, ओंजळभर पाणी घेतलं, आणि मग हजारोंनी घेतलं. एवढंच.

तासा-दोन तासांत गावात आवई उठली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा काहीच बेत नव्हता. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. जेवणारी, गावी परतणारी, एकटीदुकटी माणसं गाठून मारली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. बाबासाहेब सरकारी बंगल्यात होते. त्यांच्याभोवती शेकडो तरणे लोक, त्यात लष्करात राहून आलेले, फक्त एका शब्दाची वाट बघत होते. तो शब्द त्यांनी दिला नाही. हात उचलू नका म्हणाले.

त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. घागरींनी पाणी काढलं, पंचगव्य टाकलं, मंत्र म्हटले. गाईचं शेण तळ्यात चाललं, माणसाची ओंजळ चालली नाही. यावर आम्ही वेगळी टिप्पणी करत नाही.

आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेनं आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख बघा. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला, तो महाडमधून उलटा फिरवला. हीसुद्धा निवडून आलेली, गावातली भली माणसंच होती. त्यांनी कुणाला लाठी मारली नाही. फक्त गावाचा रोष नको म्हणून हात वर केला. नैतिक धैर्याचा धडा शिकवायचा तर हा प्रसंगही शिकवायला हवा, कारण आपल्यातले बहुतेक जण तानाजीही नसतात आणि लाठीवालेही नसतात. आपण हात वर करणारे असतो.

थांबण्याचं धैर्य

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. आम्हांला विचाराल तर महाडमधला सगळ्यात मोठा प्रसंग २० मार्चचा नाही. २५ डिसेंबरचाही नाही. तो २७ डिसेंबरचा आहे, आणि त्या दिवशी वरवर बघता काहीच घडलं नाही.

ठराव मागे घेतल्यावर बाबासाहेबांनी जाहीर केलं की, डिसेंबरात पुन्हा महाडला येऊ आणि सत्याग्रह करू. तयारी महिनोन् महिने चालली. इकडे सनातन्यांनी १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा लावला की तळं खाजगी आहे, अस्पृश्यांना मनाई करा. प्रतिवादींत पहिलं नाव डॉ. आंबेडकरांचं. १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. म्हणजे मार्चमध्ये कायदा आपल्या बाजूचा होता, डिसेंबरात तोच आडवा आला.

तरी माणसं आली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले आणि दासगावच्या बंदरात उतरले. तिथून पाच मैल पायी महाड. सभेला गावात कुणी जागा देईना, ती फत्तेखान यांनी दिली. मुसलमान गृहस्थ, गावातच राहणारे, गावातच धंदापाणी असलेले. तेही या यादीत मोजा.

२५ तारखेला रात्री मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी आणि अनुमोदन दिलं पां. ना. राजभोज यांनी. सहस्रबुद्धे ब्राह्मण. तेव्हाही पुष्कळांना हे कळलं नाही आणि आजही कळत नाही : ज्या ग्रंथानं आपल्याला वरची जागा दिली तो ग्रंथ जाळायचा ठराव त्या जागेवर बसलेल्या माणसानं मांडला. त्याच्या घरी, त्याच्या नात्यागोत्यात पुढे काय काय ऐकावं लागलं असेल, त्याची आपण कल्पनाच करावी.

मग सत्याग्रहाचा प्रश्न. तुरुंगात जायची तयारी असलेल्यांची नावं लिहून घेतली, ती जवळजवळ चार हजार भरली. वक्त्यांमागून वक्ते उठले, बहुतेक सगळे म्हणाले, हुकूम मोडू, पाणी पिऊ. जिल्ह्याचे कलेक्टर स्वतः सभेत येऊन बोलले की कोर्टाचा हुकूम आहे, तो पाळा. माणसं शेतीभाती टाकून, पदरचे पैसे खर्चून, परत गेल्यावर गावात मार खावा लागणार हे ठाऊक असून आली होती. आता त्यांना 'नका जाऊ' असं कोण सांगणार? आणि सांगितलं तर ऐकणार कोण?

बाबासाहेबांनी सांगितलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : आपलं भांडण सनातन्यांशी आहे. आज हुकूम मोडला तर ते बाजूला राहतील आणि सरकारशी दुसरं भांडण सुरू होईल. दाव्याचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब करू. २७ तारखेला मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली, आणि पाण्याला हात न लावता परत आली.

तो क्षण डोळ्यांसमोर आणा, मंडळी. समोर तेच पाणी. मार्चमध्ये ज्यासाठी डोकी फुटली तेच. हातभर अंतरावर. आणि हजारो माणसं त्याच्या कडेनं चालत जातात, आणि घेत नाहीत. पुढारी त्या दिवशी टाळ्या मिळवायच्या म्हणता तर एका वाक्यात मिळवू शकला असता. 'चला' म्हणायचं, बस. 'थांबा' म्हणणाऱ्याला भित्रा म्हणतात, विकला गेला म्हणतात. परक्यानं म्हटलं तर सोसवतं. आपल्यांनी म्हटलं तर?

तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि असू द्यावेत. तहकुबीनं चळवळीची धार गेली असं मानणारे आहेत. आमचा मुद्दा एवढाच की, तो निर्णय सोपा नव्हता, आणि त्याचं ओझं त्यांनी दुसऱ्या कुणावर ढकललं नाही.

दहा वर्षं, तीन दिवस कमी

आणि मग ते ओझं दहा वर्षं वाहिलं. इथं आपली व्याख्यानं ऐकणाऱ्यांनी थोडा धीर धरावा, कारण कोर्टाचं काम कंटाळवाणं असतं, आणि तोच तर मुद्दा आहे.

मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. पण मूळ दावा चालूच राहिला. साक्षी, कागद, तारखा. तळं कुणाच्या मालकीचं? वहिवाट किती जुनी? १९३१ साली महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला. वादी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले, तिथंही १९३३ मध्ये हरले. मग मुंबई हायकोर्ट. मधल्या काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांना लंडनला जाऊन आले, पुणे करार झाला, देशभर नाव झालं. तरी महाडच्या एका तळ्याचा दावा त्यांनी सोडला नाही.

१७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानं अपील फेटाळलं. तळं नगरपालिकेचं आहे, आणि अस्पृश्यांना मनाई करण्याची अनादी काळापासूनची, कायद्यानं मान्य करावी अशी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. हे तेच, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. २० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७. दहा वर्षांत तीन दिवस कमी.

त्याच १९३७ साली निवडणुका झाल्या. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळात निवडून आलेल्यांत सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रेही होते. म्हणजे १९२४ चा तो ठराव उत्साहाच्या भरातला नव्हता. नगरपालिकेनं शब्द फिरवला तरी हा माणूस तेरा वर्षं त्याच बाजूला उभा होता. मघाशी 'पुढे येतंच' म्हटलं ते हे. धैर्य एका दिवसात दिसतं, पण ते खरं होतं की नाही हे कळायला दहा-तेरा वर्षं लागतात.

नाते गावचा अर्थमंत्री

तिसरं उदाहरण वेगळ्या जातकुळीचं आहे. महाडहून रायगडकडे जाताना वाटेत नाते गाव लागतं. १४ जानेवारी १८९६ रोजी तिथं चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. आय.सी.एस., रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून भारताचे अर्थमंत्री. १९५२ साली कुलाब्यातूनच लोकसभेवर निवडून गेले. चळवळीतला माणूस नव्हे. आकड्यांतला, फायलींतला, संस्कृत श्लोकांतला माणूस.

जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी जाहीर केलं की मुंबई केंद्रशासित राहणार. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली. मंत्रिमंडळातले बरेच जण मनातून अस्वस्थ असतील. चिंतामणरावांनी राजीनामा दिला. तो काही महिने लोंबकळला आणि जुलैत ते बाहेर पडले. तेव्हा लोकसभेत त्यांनी जे सांगितलं त्यात मुंबईचा प्रश्न तर होताच, पण आणखी एक गोष्ट होती : एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विचारात न घेता झाला. म्हणजे तक्रार निर्णयाची होती, तशी तो घेण्याच्या रीतीचीही होती. आणि ती कुणासमोर? ज्या पंतप्रधानांनी त्यांना आणलं, ज्यांच्याबद्दल त्यांना आदर होता, त्यांच्यासमोर.

काही जण म्हणतील, यात काय, महाराष्ट्रात तर त्यांचा जयजयकार झाला. खरं आहे. म्हणूनच आमच्या कसोटीवर त्यांचा प्रसंग बाबासाहेबांच्या २७ डिसेंबरपेक्षा एक पायरी खाली बसतो. दिल्लीत ते एकटे पडले, पण घरी त्यांच्यामागे सगळा मुलूख उभा होता. पोरांना हेही शिकवायला हवं की, सगळी धैर्यं एकाच मापाची नसतात. विचारायचं ते हे : त्या माणसाला कुणाची नाराजी सोसावी लागली? परक्यांची, वरिष्ठांची, की ज्यांच्या जिवावर तो उभा होता त्यांची?

चौकोनात न मावणारे

एक गोष्ट राहिली. प्रकल्पात 'राजकीय नेते' असं म्हटलंय, आणि चित्र चिकटवायचंय. पण मार्च १९२७ मध्ये पाणी पिऊन आपापल्या गावी परतलेली ती हजारो माणसं? त्यांची चित्रं नाहीत. पुष्कळांची नावंही नाहीत. बाबासाहेब मुंबईला गेले, पुढाऱ्यांच्या बातम्या छापून आल्या. ही माणसं मात्र जिथं पाटील, खोत, सावकार सगळे विरोधात, तिथंच परत गेली. जमिनी सोडवून घेतल्या, बहिष्कार घातले, मारहाणी झाल्या. पंधरा दिवसांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झालं ते याच पार्श्वभूमीवर. नेत्याचं नैतिक धैर्य म्हणतो तेव्हा त्याच्याखाली ही माणसं पायासारखी असतात. पाया दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

आता त्या घरातल्या वाक्याकडे परत येतो. 'ते त्यांचं आहे, आपलं नाही.'

आम्ही आज जी नावं घेतली ती पुन्हा मोजा. वलंगकर, मोरे, आंबेडकर, राजभोज. त्यांच्याबरोबर टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे, बोले, फत्तेखान. आणि समोरच्या बाजूला लाठीवाले, शुद्धीकरणवाले, दावा लावणारे, आणि ऑगस्टात हात वर करणारे. यात 'आपलं' नाही असं काय आहे? आपली माणसं दोन्हीकडे आहेत. म्हणूनच तर लिहायला जड जातं. तळं 'त्यांचं' म्हटलं की दोन्ही हिशेबांतून सुटका होते : टिपणिसांचा अभिमानही नको आणि ठराव फिरवणाऱ्यांची लाजही नको.

दोन दिवसांनी आम्ही पोरीला फोन केला. हे सगळं सांगितलं, मोठ्या माणसांच्या भाषेत नाही, तिच्या भाषेत. मग तिच्या आईला फोन घ्यायला सांगितला आणि तिलाही सांगितलं. थोडी वादावादी झाली, खोटं कशाला बोला. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही लांब राहता, आम्हांला इथं राहायचंय." आम्ही म्हटलं, "टिपणिसांनाही तिथंच राहायचं होतं." त्यावर ती गप्प झाली. पटून की रागावून, ते आम्हांला कळलं नाही.

पोरीनं प्रकल्प दिला. तानाजी काढले नाहीत, पण वर लिहिलं : 'शौर्य, तुलनेसाठी'. तिसऱ्या चौकोनात तिला सुरबानानांचं चित्र मिळालं नाही, म्हणून तिनं तळं काढलं, पेन्सिलीनं. तिच्या दहा ओळींतली एक आम्हांला फोनवर वाचून दाखवली. तिच्या परवानगीनं सांगतो. तिनं लिहिलंय की, टिपणीस नगराध्यक्ष होते म्हणून ते ठराव करू शकले, पण ठराव केल्यावर पुन्हा निवडून येऊ की नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

आठवीतल्या मुलीला हे कळलं असेल, तर आम्हांला आणखी काही सांगायचं नाही.

व्याख्यान इथं संपलं. आता प्रश्न घेऊ. मागच्या वेळी वेळ पुरला नव्हता, म्हणून आज आधीच थांबतो. ज्यांना महाडला जाणं शक्य आहे त्यांनी २० मार्चच्या किंवा २५ डिसेंबरच्या गर्दीत तर जावंच, पण एकदा मधल्या एखाद्या रिकाम्या दिवशीही जावं. तळ्याभोवती एक फेरी मारावी, २७ डिसेंबरला मिरवणूक फिरली तशी. फार वेळ लागत नाही.